अर्जुनावरचं परदेशी पाखरू

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकते. म्हणजे बाकीच्यांवर चिडायला मोकळी.

सोसायटीत दिसलेला प्रत्येक पक्षी, प्रत्येक कीटक मी वहीत नोंदवते आणि ग्रुपवर टाकते. पावसाळ्यात पार्किंगच्या भिंतीवर तळहाताहून मोठा पतंग बसला होता. पिवळसर तपकिरी, चारही पंखांवर एकेक डोळा, डोळ्याच्या मधोमध काचेसारखी खिडकी. मोबाइलच्या अ‍ॅपने नाव दिलं: पॉलिफिमस, उत्तर अमेरिका. मी सगळं वाचून काढलं. अळ्या ओक, मेपल, बर्चची पानं खातात. पतंग झाल्यावर मात्र खायला तोंडच नसतं. जोडीदार गाठायचा, अंडी घालायची, आठवडाभरात मरायचं. कोष पानांत गुंडाळलेला, थंडीत बहुधा पानांसकट खाली पडतो. व्यवस्थित लिहिलं. नागपुरात ओक कुठे आहे, एवढं विचारायचं तेवढं सुचलं नाही.

दीड महिन्याने गेटजवळच्या अर्जुनाच्या झाडावर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या दिसल्या. सेक्रेटरींनी माझीच नोंद ग्रुपवर पुढे केली: ‘विदेशी कीड. शनिवारी फवारणी.’

शनिवारी सकाळी बाल्कनीतून त्याच झाडावर एक कोष दिसला. पानांत नव्हे, कडक देठाला लटकलेला. देठाचं कडं फांदीभोवती घट्ट. असे देठ मी लहानपणी टोपलीभर पाहिले होते. फोटो उमरेडला आईला पाठवला. लगेच फोन आला.

"अमेरिकेचं म्हणते तू? कोसा होय वं तो! धागा वळू वळू माह्या मांडीचं कातडं गेलं, अन् तुले ओळखू नाही आला?"

"कोष ओळखला ना आई. पाखरू कधी पाहिलं आपण?"

"कसं पाहू? ते निंघायच्या आधीच उकळत्या पाण्यात टाकतो ना आपण."

विणकराच्या घरातली मुलगी, कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, ताणा हातावर ओळखते. आणि त्याचा जीव अमेरिकेच्या नावावर लिहून बसले. स्वतःला शिव्या देत खाली धावले. पंपवाल्याचं अर्धं झाड फवारून झालं होतं.

"थांबवा. हे कोशाचं पाखरू आहे, इथलंच."

सेक्रेटरी हसले. "तुम्हीच तं विदेशी लिहिलं ना मॅडम. आता स्वदेशी झालं काय?"

"चुकलं माझं. पण विदेशी दिसलं की मारा, हे मी कुठे लिहिलं?"

"गाडीवर लेंड्या पडून राहिल्या रोज. किती सहन करा?"

"गाडी हलवता येते. झाड येत नाही."

मी ओढणी नाकावर बांधून फांद्यांखाली उभी राहिले. "दादा, मारायचं असेल तर आता माझ्या डोक्यावर मारा."

पंपवाल्याने नळी खाली ठेवली. "ताई, वरच्या फांद्यांले तसाही पाइप पोचत नाही."

खाली फरशीवर अळ्या हिरवं पाणी ओकत वळवळत होत्या. "या, उचला," मी सेक्रेटरींना म्हटलं. "सात तर तुमच्याच गाडीखाली आहेत." ते फोन कानाला लावून लिफ्टकडे गेले. मी सुपलीत भरल्या, तेवीस. वरच्या अजून खात होत्या. पंप गेटबाहेर जाईपर्यंत मी झाडाखालून हलले नाही.