दादाने बस थांबवली तो दिवस

भाद्रपदातला बुधवार होता. शहापूरच्या आमच्या शाळेत घटक चाचणी चालू होती आणि मी सातवीच्या वर्गावर होते. एका मुलीने पुरवणी मागितली. ती देऊन वळले तर दारात शिपाई उभे. "बाई, तुमच्या भाच्याचा फोन आलाय ऑफिसात." संदेश एवढंच म्हणाला, "आत्या, बाबा गेले." मुरबाडजवळच्या आमच्या गावी सकाळचा चहा पिऊन दादा ओट्यावर बसला होता, तिथेच.

पुढचे बारा दिवस घरात माणसं येत राहिली. येणारा आधी रडतो, मग पाणी पितो आणि मग म्हणतो, "एकदा काय झालं..." किस्से असेच साठतात. एक निघाला की मागून चार येतात. हळूहळू माझ्या लक्षात आलं की वहिनी, संदेश आणि मी फिरून फिरून एकाच दिवसाचं सांगतोय. गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघं व्हिएतनामला गेलो होतो, त्या सहलीच्या शेवटच्या दिवसाचं.

सहल संदेशची. तो वाशिंदला राहतो, मुंबईत नोकरी करतो. आईवडिलांना एकदा परदेश दाखवायचाच, असं त्याने ठरवलं. दादाच्या अटी दोन. "म्हशाची जत्रा झाल्यावर. आन शोभा येत असंल तर." म्हशाची जत्रा आमच्या भागातली, जानेवारीत भरणारी; आणि शोभा म्हणजे मी. मी एकटी असते. तिघांची तिकिटं चौघांची झाली, आणि माझ्यावर उपकार केल्यासारखं कुणी एकदाही बोललं नाही.

*

शेवटच्या सकाळी हॉटेलात सफाईवाली बाई वहिनींच्या खोलीत गेली आणि तशीच बाहेर आली. मग रिसेप्शनवरचा पोरगा आला. मग मॅनेजर. तिघं दारात उभे राहून आत बघताहेत!

झालं होतं असं, की वहिनींनी दोन्ही चादरींच्या घड्या घातल्या होत्या, उशा एकावर एक रचल्या होत्या, बाथरूम धुऊन कोरडं केलं होतं. हॉटेलवाल्यांना वाटलं, या खोलीत कुणी राहिलंच नाही!

संदेशने कपाळावर हात मारला. "आई, ही त्यांची कामं असतात गं!"

वहिनी म्हणाल्या, "पावन्याच्या घरून निघताना पसारा टाकून निघायचं काय? आन झाडू कुठं ठेवलाय, तो इचार त्यांना. झाडायचं ऱ्हायलंय."

*

आमच्या घरचा एक नियम आहे. घरून नेलेला खाऊ परत घरी आणायचा नाही. वहिनींनी पंधरा माणसांना पुरेल एवढा नेला होता! त्यामुळे निघायच्या आधी हॉटेलच्या काउंटरवर वाटप सुरू झालं. तिळाचे लाडू, चकल्या, शेवटी लाल मिरचीचा ठेचा.

रिसेप्शनवरच्या पोराने ठेचा चमचाभर तोंडात टाकला. आम्ही श्वास रोखून बघतोय. त्याने मान लववली आणि तो आत गेला. वहिनी घाबरल्या. "मेला बिचारा!" तेवढ्यात तो बाहेर आला. हातात त्यांच्या मिरच्यांची एक बाटली. वहिनींपुढे ठेवली आणि बोटाने खूण केली, आता तुम्ही!

वहिनींनी बोट बुडवून चाखलं. डोळ्यांत पाणी आलं. ते पदराने पुसत म्हणाल्या, "ही आपल्याहून बरी हाय गो!"

*

आता दादाचं. पाच दिवस आमची बस भातशेतांतून धावत होती. आपल्याकडे फेब्रुवारीत खाचरांना भेगा पडलेल्या असतात. तिथे मात्र पाणी भरलेलं आणि बायका वाकून आवणी, म्हणजे भाताची लावणी, करताहेत! दादा खिडकीला चिकटलेला. रोज एकदा उठून पुढे जायचा आणि टूर मॅनेजरला विचारायचा, "जरा थांबवतोस काय रे? पाचच मिनिटं."

मॅनेजर पुण्याचा, तरुण, गोड बोलणारा. "काका, शेड्यूल टाइट आहे, पुढे समुद्र बघायचाय. आणि भात तर तुमच्याकडेच आहे की!"

"म्हनून तर बघायचाय. समुद्र कुनाला कळतो रे?"

शेवटच्या दिवशी सकाळी बाजार, मग दोन तासांचा प्रवास आणि थेट हनोईचा एअरपोर्ट. बाजारात दादाने कशाला हात लावला नाही. बस निघाली तसा तो गप्प झाला. ते गप्प बसणं मला माहीत होतं. आई गेली तेव्हा तो असाच बसला होता.

तासाभराने दादा उठला, पुढे गेला आणि मॅनेजरच्या कानाशी लागला. रस्त्याकडेच्या टॉयलेटपाशी बस थांबली! दादाला लघवीला जायचंय, असं कळलं. पाच दिवसांत त्याला एक गोष्ट नीट समजली होती. ही बस कशासाठी थांबते ते!

वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लग्नाला अडतीस वरसं झाली. पयल्यांदा खोटं बोलला."

*

दादा उतरला आणि टॉयलेटच्या विरुद्ध बाजूला चालू लागला. संदेश मागे धावला, मी त्याच्या मागे. आम्ही पोहोचेपर्यंत दादाने नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि तो चिखलात उभा होता!

समोर एक म्हातारी आवणी करत होती. तिने दादाकडे बघितलं, त्याच्या पायांकडे बघितलं आणि हातातली रोपांची जुडी त्याच्याकडे टाकली. त्याने ती झेलली. दोघंही वाकले आणि मागे मागे सरकत लावायला लागले. भाषेचा प्रश्नच नव्हता.

दादाने सात-आठ चूड, म्हणजे रोपांचे झुबके, लावले असतील. म्हातारी थांबली, मागे आली आणि दादाने लावलेलं सगळं उपटलं!

संदेश माझ्या कानात म्हणाला, "आत्या, आता काय खरं नाय." कारण आमच्या गावात दादाच्या आवणीला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. म्हातारीने दोन बोटं वर केली. एका चुडात दोनच काड्या. आमच्याकडे पाच-सहा लावतात.

दादा मोठ्याने हसला आणि म्हणाला, "बरं बाई!" दोन-दोन काड्या लावत तो बांधापर्यंत गेला. म्हातारीने मागून येऊन तपासलं. या वेळी काही उपटलं नाही.

दादा बसमध्ये चढला तो गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. वीस मिनिटं झाली होती. सगळी बस बघतेय. मॅनेजर म्हणाला, "काका, टॉयलेट एवढं लांब होतं?"

"लांब नव्हतं रे," दादा म्हणाला, "पन मोकळा वाटला." आणि त्या पोराचे दोन्ही हात धरून म्हणाला, "तुझे उपकार झाले." थोड्या वेळाने मॅनेजर मागे येऊन टिशूचं पाकीट देऊन गेला.

*

जुलैमध्ये दादाने विहिरीजवळचं एक खाचर बाजूला काढलं आणि आवणीच्या बायकांना सांगितलं, "हितं दोनच काड्या." बायका हसून लोटपोट. "परदेशात काय गेला, कंजूस होऊन आला गो!" पंधरा दिवस ते खाचर खरंच उघडं दिसत होतं. येणारा-जाणारा विचारायचा, "दादा, रोपा कमी पडली काय?"

श्रावणात त्याचा फोन आला. मी शाळेतून नुकतीच घरी आले होते. "शोभे, एकेका चुडाला अठरा-अठरा फुटवे! मी स्वता मोजले. कापनीला ये. म्हातारी खरी का मी खरा, तवा कळंल."

दसऱ्यानंतर कापणी झाली, दादाविना. संदेशने चार दिवस रजा काढली होती, मीही गेले होते. माणसं भराभर कापत होती, भारे बांधत होती, खळ्यावर नेऊन टाकत होती. वहिनींना आठवलं तेव्हा झोडणी संपत आली होती.

विहिरीजवळच्या खाचरातलं भात वेगळं ठेवायचं राहून गेलं.