धवल्याच्या तालावर ‘केटी’

कल्पेश घरतला संशय घरातच शिकायला मिळाला. पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या त्यांच्या शेतांची सरकारी संपादनासाठी मोजणी सुरू झाली, तेव्हापासून दारात कुणी फाईल घेऊन उभं राहिलं की त्याचे वडील बुधाजी आधी त्याच्या पायांकडे बघायचे. बुटांना चिखल नसेल तर पाणीसुद्धा विचारायचे नाहीत. कल्पेश हे बघत मोठा झाला.

इंजिनिअरिंगला कल्पेश आणि त्याच्या दोन मित्रांचे विषय राहिले, म्हणजे कॉलेजच्या भाषेत केटी लागली, म्हणून २००५ मध्ये काढलेल्या बँडचं नाव त्यांनी ‘केटी’ ठेवलं. अविनाश गिटार वाजवायचा आणि गायचा, परेश बेस वाजवायचा आणि कल्पेश ड्रम्स. परेश आणि अविनाश दोघेही पनवेल शहरातले. सराव घरतांच्या नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेल्या गाळ्यात चालायचा. गाणी इंग्रजीत, अडीच मिनिटांची, सुसाट पळणारी. विषय म्हणजे न बोललेली मुलगी आणि नको असलेलं कॉलेज. वाशी-पवईच्या कॉलेज फेस्टिव्हलांत पोरं त्यावर उड्या मारायची. तिथं कुणी घरच्यांबद्दल विचारलं तर कल्पेश सांगायचा, आमच्यात गाण्याबिण्याचं कुणाला काही नाही.

२००९ च्या पावसाळ्यानंतर अविनाश रविवारचे सराव चुकवू लागला. दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणाला. कल्पेशने दोन आठवडे ऐकून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात त्याला अविनाशची लाल स्कूटर जासईच्या नाक्यावर, कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढताना दिसली. जासईत दातांचा डॉक्टर कुठला? त्याच सुमारास अविनाश सरावात म्हणाला होता, की आपले ड्रम्स फार सरळसोट वाटतात, काहीतरी वेगळं हवं. कल्पेशने दोन्ही गोष्टी जोडल्या. दुसरा ड्रमर बघितलाय. परेशलाही ठाऊक असणार. मग त्याला परेशचं हसणंही खटकू लागलं. अविनाश पाणी प्यायला गेला तेव्हा कल्पेशने त्याची बॅग उघडली. आत छोटा रेकॉर्डर होता. बटण दाबायच्या आत पावलं वाजली आणि त्याने चेन लावली.

पुढच्या रविवारी दुपारी तो बाईक घेऊन अविनाशच्या मागे गेला. नाका ओलांडून स्कूटर गावात वळली आणि एका ओळखीच्या ओट्याशी थांबली. ते त्याच्या सख्ख्या आत्याचं घर होतं. भीमाबाई आत्या धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात विधीची गाणी, धवले, गाणारी बाई. चार गावांतली लग्नं तिच्या गळ्यावर लागायची. कल्पेश दाराबाहेर उभा राहिला. आत आत्या गात होती आणि अविनाश रेकॉर्डर पुढे ठेवून वहीत लिहीत होता.

आत्यानेच त्याला पाहिलं. “भायेर कशाला? आत ये,” ती म्हणाली. “तुजा दोस्त म्हयनाभर येतंय. तू मांडवात माज्या मांडीवर बसून ताल धरायचास, तुला काय आठवतं?”

कल्पेश अविनाशकडे वळला. “मला का नाही सांगितलंस?”

“तुझ्या चुलतभावाच्या लग्नात यांना ऐकलं मी,” अविनाश म्हणाला. “तुला विचारलं तर म्हणालास, त्या कोण ते माहीत नाही.”

ते खरं होतं. पण कल्पेशचा संशय सुटला नाही. ही गाणी बँडने वाजवली तर कुणाच्या नावावर जाणार, त्याने विचारलं. अविनाशने तो विचारच केला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. कल्पेश उठून निघालाच होता, पण आत्याने त्याला बसवलं आणि स्वतःची अट घातली. “हे गानं मांडवातलं हाय. आदी मांडवात वाजवा. माज्या लोकांनी आयकू द्या.”

मांडव मिळाला तो आत्याच्या धाकट्या मुलीच्या, किशोरीच्या हळदीचा. तोवर दीड वर्ष गेलं. सरावात जुना सुसाट ठेका धवल्यावर बसेना. शब्द चिरडले जायचे. शेवटी कल्पेशने काठ्या ठेवल्या, हातांनी मांडीवर ताल धरला आणि तोच ड्रम्सवर उतरवला. गिटार आता थांबून थांबून वाजू लागली.

हळदीच्या संध्याकाळी म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून, डोळे बारीक करून बसल्या. दुसऱ्या कडव्यात अविनाशचा शब्द चुकला. भीमाबाई उठली, त्याच्या हातून माईक घेतला आणि कडवं स्वतः म्हटलं. बँड थांबला नाही. म्हाताऱ्यांपैकी एक नाचायला उठली, मग सगळ्याच उठल्या.

२०१२ मध्ये आलेल्या त्यांच्या एकुलत्या एक अल्बमवर पहिलं नाव भीमाबाईंचं होतं. छपाईआधी कल्पेशने कव्हर तीनदा वाचलं, आणि अविनाश शेजारी उभा राहिला. जुन्या चाहत्यांपैकी निम्म्यांना हा बदल पटला नाही. ‘केटी लग्नातली बँडपार्टी झाली,’ असं ते म्हणत. २०१५ मध्ये अविनाश नोकरीसाठी बंगळूरला गेला, तेव्हा भांडण न होता बँड थांबला.

कल्पेश जासईच्या एका कंटेनर यार्डात सील तपासायच्या कामाला लागला. सुट्टीच्या दिवशी तो आत्याकडे जातो. पुरुष माणूस धवले शिकतो म्हणून शेजारणी हसतात, पण आत्या त्याला कडवी पाठ करायला लावते. आता त्याला अकरा येतात.