फोल्डरातली पंगत

देवास, धार आणि वाटेत लागणाऱ्या तमाम गावांतल्या कॉम्प्युटरधारक नातलगांना याद्वारे जाहीर कळवण्यात येते, की फोल्डर उघडल्यावर त्यात चित्रं दिसावीत की नावांची यादी, या अतिगंभीर प्रश्नाचा जो निकाल मी दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षं घरोघरी फिरून लावला, तो मी बिनशर्त मागे घेत आहे. कुणाचं नुकसान झालं असल्यास क्षमा असावी. एका घरात झालं, ते मला ठाऊक आहे.

तेव्हा मी देवासच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. तिथे कॉम्प्युटर आले आणि माझ्या अंगात संचार झाला. कुठल्याही मशीनसमोर बसलो की पहिलं काम ठरलेलं. छोटी छोटी चित्रं बंद, डिटेल्स चालू, नावाप्रमाणे क्रम, 'ऑटो अरेंज'वर खूण, आणि शेवटी, नाटकाचा पडदा पाडावा तशी ऐटीत टिचकी: 'अप्लाय टू ऑल फोल्डर्स'. एका टिचकीत सगळ्या घराला शिस्त! स्टोअरमधला सोबती वैतागून म्हणायचा, "भिया, तू छुट्टी पे जाता है ना, तभी मेरी फाइलें मिलती हैं." मला ते कौतुक वाटायचं.

धारला माझ्या आत्याबाई राहायच्या. आमचे पूर्वज तिथल्या दरबारच्या चाकरीत. दरबार गेला, चाकरी गेली, आत्याबाईंच्या तोंडचं "यावं, बसावं" तेवढं राहिलं. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर त्यांच्याकडेच राहिला. दुपारी त्या त्यावर पत्ते खेळायच्या. पत्ता उचलायचा, ओढत न्यायचा, दुसरीकडे ठेवायचा, यात त्यांचा हात असा काही बसला, की एके दिवशी त्या पत्त्यांऐवजी माणसं ठेवायला लागल्या.

म्हणजे झालं असं. धार, देवास, मनावर या गावांतल्या भावबंदांकडून त्यांनी जुने फोटो मागून आणले, एका स्टुडिओतून ते सीडीवर उतरवून घेतले आणि ज्याचे त्याला परत केले. स्टुडिओवाल्याने फोटोंना नुसते आकडे दिले होते. आत्याबाईंना कॉम्प्युटरवर मराठी लिहिता येईना आणि आजेसासऱ्यांचं नाव इंग्रजीत लिहिणं त्यांना पटेना. मग त्यांनी नावं दिलीच नाहीत. फोल्डरात एकेक फोटो ओढून त्यांनी चक्क पंगत बसवली.

वरच्या ओळीत, देवघराच्या बाजूला म्हणे, सगळे वडीलधारे. त्याखाली त्यांची मुलं, सुना. ज्या बायकांना नवरा गेल्यावर आयुष्यभर वेगळं वाढलं गेलं, त्यांना आत्याबाईंनी थेट नवऱ्याशेजारी आणून बसवलं होतं. दर लग्नात मागच्या, ताकाच्या भाताआधीच रुसून उठणारे एक चुलत मामा कोपऱ्यात, दाराजवळ. "उठून जायला बरं," असं कारण.

एका हिवाळ्यात त्यांचा फोन आला. डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. इंदूरच्या डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती.

"चेहरे आत्ताच धुकट झालेत रे," त्या म्हणाल्या, "पण जागा पाठ आहेत. तिसरी ओळ, डावीकडून दुसरं पान, म्हणजे मनावरची काकी. तू वही घेऊन ये. मी सांगते, तू लिही. माझ्यानंतर यांना ओळखणारं कुणी नाही."

रविवारी पहिल्या बसने मी दोनशे पानी वही घेऊन धारला पोचलो. आत्याबाईंनी मला खुर्चीत बसवलं, फोल्डर उघडून दिला आणि मागे उभं राहून, पडद्याकडे न बघता, पहिल्या ओळीतली पाच-सहा नावं घडाघडा सांगितली. मी बघतच राहिलो. तिसऱ्या ओळीत मधेच एक जागा रिकामी होती. मी बोट ठेवलं.

"इथला फोटो राहिला का?"

"राहिला नाही. ती माझी धाकटी बहीण. सहा महिन्यांची असताना गेली. तिचा फोटो कुठून असणार? पण पान मांडलंय."

नीट पाहिलं तर अशा आणखी चार जागा होत्या. त्या कुणाच्या, हे मी विचारलं नाही. वहीत क्रमाने येतीलच, म्हटलं.

"आधी चहा टाकते, मग बसू लिहायला," म्हणून त्या आत गेल्या.

चहाला लागतात किती मिनिटं? दहा. तेवढ्यात मला वाटलं, लिहायचंच आहे तर आधी आकड्यांप्रमाणे नीट यादी करून घ्यावी, समोर नावं भरत जाऊ. हात आपोआप चालला. डिटेल्स, नावाप्रमाणे क्रम, ऑटो अरेंज, सगळ्या फोल्डरांना लागू. चित्रं पुन्हा एका टिचकीत आणता येतात, हे मला माहीत होतं. जागा परत येत नाहीत, हे माहीत नव्हतं.

पावलं वाजली तशी मी चित्रं परत आणली. आली की! सगळेच्या सगळे आले, आकड्यांच्या हुकमाने, खांद्याला खांदा लावून. रुसके मामा पणजोबांच्या डोक्यावर. मधे बोटभरही मोकळी जागा नाही.

त्या दुपारी आत्याबाई पडद्याला नाक लावून बसल्या. कुणाच्या मिशीवरून, कुणाच्या पगडीवरून पंचवीस-तीस जण ओळखले. नावं जागांवरूनच पाठ होती, ओळी मोडल्या तशी पाठही मोडली. बाकीच्यांपाशी त्या थांबायच्या, "ही... नाही गं बाई, ती नव्हे," म्हणायच्या आणि पुढे जायच्या. रिकाम्या पाच पानांतलं बहिणीचं तेवढं मी लिहून घेतलं. उरलेली चार कुठे होती आणि कुणासाठी, हे काही केल्या त्यांना जुळवता येईना. वर्षभरात त्यांची नजर गेली. पुढे त्याही गेल्या. वही माझ्याकडे आहे. डावीकडे आकडे, उजवीकडे बरीचशी पानं कोरी.

त्यानंतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मी कधी काही नीटनेटकं केलं नाही.

आत्याबाई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सकाळी चहाचे दोन कप घेऊन त्या आल्या, पडद्यापाशी वाकल्या, तिसऱ्या ओळीतली ती जागा शोधत राहिल्या, आणि सापडेना तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अगं बाई! सगळ्यांना उठवलंस? अजून मागचा भात वाढायचा होता रे!"