एम्ब्री पाणाड्याचा पंप

एम्ब्री स्टोवॉल हा ॲरिझोनाच्या त्या ओसाड पठारावरचा नामांकित पाणाड्या. पितळेच्या दोन वाकवलेल्या कांड्या मुठीत धरून तो असा काही चालायचा, की बघणाऱ्यांनी श्वास रोखावेत. कांड्या एकमेकींवर आडव्या आल्या की टोपी काढायचा, मोठा विराम घ्यायचा आणि म्हणायचा, "इथं." पाणी लागलं तर कांड्यांचा गुण, नाही लागलं तर खोदणाऱ्याचा उतावळेपणा.

त्याच्या स्वतःच्या घरी मात्र पाणी यायचं पाणी विकणाऱ्या चेमा बाएसाच्या ट्रकमधून. भांडी धुतलेलं पाणी पीचच्या झाडाला, आणि अंघोळ म्हणजे ओलं फडकं.

"पाणाड्याच्या घरी पाहुणे येतात ते पाण्याचे कॅन घेऊन!" बायको नेल्डा एकदा कडाडली. "या उन्हाळ्यात आपल्या जमिनीत पाणी लागलं नाही, तर मी चालले टूसॉनला, बहिणीकडे. तिच्याकडे नळ आहे. कांड्या लागत नाहीत त्याला."

एम्ब्रीने अंगणापलीकडची जागा काढली. विराम इतका मोठा घेतला, की कुत्रं झोपून गेलं. बोअर मारली. वर धूळ, खाली दगड आणि दगडाखाली आणखी जुनी धूळ.

आता अब्रूचा प्रश्न आला. त्याने बोअरवर पत्र्याची भलीमोठी शेड ठोकली, दाराला कुलूप घातलं आणि सगळ्यांना सांगितलं, आत पंप बसतोय.

"उस्ताद, पंप लाजाळू आहे का हो?" चेमा विचारायचा. "आवाज म्हणून नाही!"

"भारीतले पंप आवाज करत नाहीत."

"आणि पाणी?"

"येईल. नाटक रंगायला वेळ लागतो."

नेल्डाने बॅग भरली. चेमाच्या ट्रकमध्ये ती चढणार, तोच दक्षिणेकडून ढग फुटला. शेडच्या पत्र्यावरून पाण्याचा पडदाच कोसळू लागला. नेल्डा बॅग टाकून धावली. टब, पिंप, घोड्याची डोणी, मिळेल ते तिने पत्र्याखाली सरकवलं. चेमाने तर ट्रकची रिकामी टाकीच खाली उतरवली. "माझा धंदा बुडवलात, उस्ताद!" तो आनंदाने ओरडला.

एम्ब्री कांड्या घेऊन बाहेर आला. त्या आडव्या झाल्या. "बघा! म्हणालो नव्हतो? इथंच!"

"इथंच," नेल्डा म्हणाली. "फक्त वर की खाली, तेवढं सांगायचं राहिलं. किल्ली दे."

टोपी काढून त्याने किल्ली दिली. या वेळी विराम घेतला नाही. आत पंप नव्हता. बोअरच्या भोकाकडे तोंड करून ठेवलेली एक खुर्ची तेवढी होती. दुपार दुपारभर हा माणूस कुठे असतो, ते नेल्डाला आत्ता कळलं. खुर्चीकडे बघून ती हसायलाच लागली.

"जा, माझी बॅग आण," ती म्हणाली. "भिजतेय बिचारी. आत ठेव. या सगळ्या रानात आत्ता कोरडी जागा एकच आहे, तुझी विहीर."