दिल्लीनं नाकारलेला दावा

माझा धाकटा भाऊ डिझेल मेकॅनिक. पांढरकवड्याला हायवेवरच्या गॅरेजात काम शिकला आणि आखातातल्या एका देशाच्या लष्करी वर्कशॉपमध्ये नोकरीला गेला. तिथं कुठलासा पार्ट चोरल्याचा आळ घेऊन त्याला सात महिने कोठडीत ठेवलं. ना चौकशी, ना खटला. परत आला तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं मोडून वेडीवाकडी जुळलेली होती. पाना धरता येत नव्हता.

त्या दिवसांत दिल्लीचं त्या देशाशी बिनसलं होतं. आमच्याकडचा पुढारी फोटोवाल्याला घेऊन घरी आला. "हात जरा वर करा," भावाला म्हणाला. "आपलं सरकार त्यांना सोडणार नाही." त्या माणसाला मी चहा दिला, याची अजून चीड येते.

परदेशी सरकारवर दावा लावायचा तर आधी केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते, असं वकिलांनी सांगितलं. अर्ज धाडला. उत्तराला दीड वर्ष लागलं. तेवढ्यात दोन्ही देशांचा तेलाचा करार झाला होता. पत्रात एकच ओळ: मैत्रीपूर्ण संबंध लक्षात घेता परवानगी देता येत नाही.

तरी आम्ही कोर्टात उभे राहिलो. न्यायाधीशांनी पत्र वाचलं आणि फाइल मिटली.

"साहेब, मी खोटं बोलून राह्यलो का?" भावानं विचारलं.

"तसं मी म्हटलेलं नाही. परवानगीशिवाय हा दावा मला ऐकताच येत नाही."

"मंग माह्या हाताकडे तरी पाहा."

त्यांनी पाहिलं नाही. पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

त्या नकाराविरुद्ध नागपूरला हायकोर्टात गेलो. तिथं भाषा तेवढी गोड होती: परराष्ट्र संबंध हा सरकारचा विषय, न्यायालयानं त्यात पडणं उचित नाही.

बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "ताई, त्यांचाही नाइलाज असतो."

"कायचा नाइलाज?" मी ओरडले. "करार मोडला असता तर हेच कोर्ट ऐकत बसलं असतं!"

लोक वळून पाहू लागले. भावानं डाव्या हातानं माझा दंड धरला. "बस झालं ताई. आता मले कुठंच नको नेऊ."

तो परत गॅरेजात जातो. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो, पाना दुसरे चालवतात. सुप्रीम कोर्टाचं नाव काढलं की उठून जातो. त्या दोन्ही कोर्टांना मी माफ केलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर, त्याच्या त्या 'बस झालं'लाही नाही.