सपाट रेघेतला सुळका

पडद्यावरची रेघ सकाळपासून सपाट होती. पत्रा कापणाऱ्या यंत्राचा संगणक आम्ही तपासत होतो. आत हात गेला की त्याने पातं तिथल्या तिथे थांबवायचं. त्यात क्षणाचाही उशीर होतो का ते बघायला बाकी सगळे प्रोग्राम बंद करून प्रोसेसरला एकच काम दिलं होतं, सतत घड्याळ बघायचं. दोन नोंदींमध्ये खंड पडला, तर तेवढा वेळ हार्डवेअरने परस्पर पळवला असं समजायचं. खंड जितका मोठा, तितकी पडद्यावरची रेघ वर उठायची.

अकराच्या सुमारास रेघेतून एक सुळका उठला. मग पुन्हा सगळं सपाट.

प्रोसेसरला याचा पत्ताच नव्हता. त्याच्या लेखी मध्ये काही घडलंच नाही. गैरहजर असणाऱ्याला आपली गैरहजेरी कळत नाही. जेवताना बायको काही सांगत असते, मी 'हं' म्हणतो, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळतं की मी तिथे नव्हतो. ताटावर ते निभावतं.

सगळ्यात मोठा आकडा चुकार म्हणून वगळायची आमच्याकडे पद्धत आहे. सुळका खोडायला मी माऊस धरला. मागे यंत्र चालवणाऱ्या शांताबाई उभ्या होत्या.

"साहेब, तो उठला तेव्हा माझा हात आत असता तर?"

"सरासरी बघा ना, अगदी उत्तम आहे," मी म्हणालो.

"हात सरासरीनं जात नाही, साहेब."

मी माऊस सोडला. रेघ सपाट पुढे सरकत होती. शांताबाईंनी बोटं मुठीत मिटून घेतली होती, आणि पुढच्या सुळक्याची वाट बघताना माझीही कधी मिटली ते मला कळलं नाही.