कामाच्या दिवशी पाहिलेलं विद्यापीठ

मी धुळ्याला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा माझ्या पुढच्या शिक्षणाचं आबांनी ठरवूनच टाकलं होतं. आबा म्हणजे माझे वडील. पारोळ्याला आमचं भांड्यांचं दुकान. येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे, पोरगी पुण्याला जाणार. मलाही पुण्याचीच ओढ होती. जळगावचं विद्यापीठ इतकं जवळ, की तिथे जाणं म्हणजे कुठेच न गेल्यासारखं वाटायचं.

फेब्रुवारीत आम्ही दोघं पुण्याकडचं एक खासगी विद्यापीठ बघायला गेलो. कोट घातलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला गाडीतून फिरवलं. थंडगार सभागृह, पोहण्याचा तलाव, भलंमोठं कॅन्टीन. आबा हरखून गेले.

"बठ्ठं कसं चकाचक शे!" ते माझ्या कानाशी आमच्या अहिराणीत म्हणाले. बठ्ठं म्हणजे सगळं.

मी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दाखवा म्हटलं. ती त्यांनी काचेच्या दाराबाहेरूनच दाखवली. आत यंत्रांवरची प्लास्टिकची आवरणंसुद्धा निघालेली नव्हती.

"विद्यार्थी कुठे आहेत?"

"कंपनी बघायला गेलेत."

"सगळेच?"

ते हसले आणि आम्हाला चहाला घेऊन गेले.

परतताना मी आबांना माझी शंका सांगितली. "नवं शे, म्हणून सामान बी नवं," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच जळगावला गेले, कुणाला न कळवता, कामाच्या दिवशी. विभागाच्या व्हरांड्यातच अ‍ॅसिडचा वास नाकात शिरला. एमएस्सीची एक मुलगी भेटली. तिच्या पांढऱ्या कोटाला ठिकठिकाणी भोकं पडलेली.

"बघ बाई," ती म्हणाली, "महत्त्वाचं यंत्र एकच. आपली पाळी आली की जेवण टाकून पळायचं. उन्हाळ्यात होस्टेलची खोली भाजून काढते. चालेल ना?"

तेवढ्यात तिचा प्रयोग फसला. पांढरं यायला हवं होतं, ते काळपट आलं. आता बोलणी बसणार म्हणून मीच घाबरले. तिचे सर आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "काय काय केलंस, पहिल्यापासून सांग." मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"तू कोण?"

"मी बघायला आलेय."

"मग लांबून काय बघतेस? ये, हे धर."

दुपारभर मी तिथेच होते. दुसऱ्या खेपेला पांढरं आलं.

मी जळगावलाच जाणार असं घरी सांगितलं, तेव्हा आबा जेवत होते. ते एवढंच म्हणाले, "लोकसले काय सांगू मी?"

पुढे कितीतरी दिवस ते लोकांना 'जवळ पडतं म्हणून' असं सांगत राहिले. ते मला लागायचं. पहिल्या वर्षी एक विषय राहिलाही, तेव्हा माझंच चुकलं की काय, असं वाटून गेलं. पण मी टिकले. आज एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. पुण्यातल्या दुसऱ्या एका विद्यापीठात गेलेली माझी मैत्रीणही उत्तम काम करते. गाव कोणतं, यावर काही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी एकदा आबा न सांगता विभागात आले. यंत्रावर माझी पाळी होती, मला उठता येईना. बऱ्याच वेळाने मी बाहेर आले, तर ते बाकावर बसून माझ्या वर्गातल्या दोघींना ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि भरीत वाढत होते. डबा माझ्यासाठी होता. माझ्या वाट्याला ठेचा उरला.